बर्फाची रंगीत तालीम

ढब्बू खुर्चीवर चढला आणि फ्रीजमधून काढलेला बर्फाचा तुकडा त्याने थेट बहिणीच्या डोक्यावर सोडला. मनीच्या किंकाळीने आई शिवणयंत्र सोडून धावत आली.

"काय चाललंय?"

"मी बघत होतो, बर्फ पडतो तेव्हा किती लागतं ते," ढब्बू शांतपणे म्हणाला.

ढब्बू सहा वर्षांचा. शाळेच्या पुस्तकात त्याने बर्फाखाली बुडालेल्या घरांचं चित्र पाहिलं होतं, आणि त्या घरांतली माणसं डोक्याला काही न बांधता बाहेर कशी फिरतात, याची त्याला काळजी लागली होती. मनी दहा वर्षांची, म्हणजे तिच्या मते घरातली सगळ्यात शहाणी. डोकं चोळत ती म्हणाली, "तो बर्फ वेगळा असतो, मठ्ठा. कापसासारखा."

"तू पाहिलायस?"

मनी पुन्हा डोकं चोळू लागली. ढब्बूने आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचं चष्म्याचंच दुकान होतं आणि उत्तर सुचलं नाही की ते असंच करत.

"मऊ असतो म्हणतात," ते म्हणाले.

"म्हणतात म्हणजे? तुम्ही पण नाही पाहिला?"

नव्हताच पाहिला. त्यांच्या गावात कडाक्याची थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर आणणे. बर्फ पाहिलेलं माणूस सगळ्या गोतावळ्यात एकच होतं, ते म्हणजे मामा.

मामा आईचा मोठा भाऊ. ट्रक चालवायचा. महिन्यातून एखाद्या रविवारी तो यायचा, जेवायचा आणि मुलांना मांडीशी घेऊन बर्फाच्या गोष्टी सांगायचा. ट्रक दारापर्यंत बर्फात रुतला आणि त्याने जेवणाच्या ताटलीने उकरून काढला, ही एक. थंडीने मिशी गोठली आणि शिंकल्याबरोबर काडकन तुटून पडली, ही दुसरी. "ही आत्ताची मिशी नंतर उगवलेली," असं म्हणून तो ती मुलांना ओढून बघायला द्यायचा.

त्या रात्री जेवताना आईने एक घाव दोन तुकडे केले. "यंदा हिवाळ्याच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवायचा."

बाबांचा घास हातातच राहिला. दर सुट्टीत ते सगळे आत्याकडे जात. तिथली खाट, तिथली उशी, तिथला दुपारचा चहा सगळं बाबांच्या अंगवळणी पडलं होतं. "पण ताई वाट बघेल," ते म्हणाले.

आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "जा रे बाबांनो, खुशाल जा. मलाही यंदा जरा सुट्टी मिळेल."

मग बाबांना पळवाटच उरली नाही.

बेत ठरला आणि मामाचा भाव वधारला. डोंगरातलं गाव त्यानेच सुचवलं, गाडी कुठे बदलायची तेही सांगितलं. स्वतः मात्र येत नव्हता. "मला काय, मी पाहिलेलाच आहे. तुम्ही जाऊन या." पण सल्ले मात्र पोत्याने. बर्फात एका जागी उभं राहायचं नाही. नाक ओलं होऊ द्यायचं नाही. खिशात कांदा ठेवायचा.

"कांदा कशाला?" मनीने विचारलं.

"ते तिथे गेल्यावर कळतं," मामा गंभीरपणे म्हणाला.

बाबांची चिंता निराळी. "मेहुणेबुवा, चष्म्यावर धुकं धरतं म्हणतात. त्याचं काय करायचं?"

"काढून ठेवायचा, दाजी. सगळं पांढरंच असतं. बघायचंय काय एवढं?"

कपड्यांचा भार आईवर आला. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे. जाड कोट तिने जन्मात शिवले नव्हते आणि गावात विकत मिळण्याची सोय नव्हती. तिने जुन्या रजया उसवल्या, गादीवाल्याकडून चांगला पिंजलेला कापूस आणला, वरून रेनकोटचं कापड लावलं. जाड थरांत सुई मोडायची, दोरा तुटायचा, आणि आई दातात टाचण्या धरून यंत्राशी भांडत बसायची. तयार झालेला पहिला कोट घालून ढब्बू आरशासमोर उभा राहिला. त्याचे हात दोन्ही बाजूंना आडवे राहिले होते, खाली येतच नव्हते.

"मी गादी झालोय," तो आनंदाने म्हणाला.

"पण यात खरंच थंडी वाजणार नाही ना?" बाबांनी विचारलं. नंबर तपासल्याशिवाय ते कुणाला चष्मा देत नसत, आणि कोटाचंही त्यांना तसंच वाटत होतं. प्रश्न रास्त होता. घामाच्या धारा लागलेल्या गावात कोट ऊबदार आहे की नाही, हे कळायचं कसं?

उत्तर आईच्या एका गिऱ्हाईकाकडे निघालं. गावाबाहेर मोठं शीतगृह होतं आणि तिथल्या व्यवस्थापक बाई आपल्या कामाच्या कोटाची चेन बसवून घ्यायला आईकडेच येत. आईने भीत भीत विचारलं. बाई खो खो हसल्या. "रविवारी या. माल चढवणं बंद असतं. पोरांना सगळ्यात थंड खोलीत नेते."

रविवारी सगळी वरात निघाली. मामाही होता, साध्या सदऱ्यावर आणि गळ्यात मफलर टाकून. त्याचा कोट शिवायचा प्रश्नच नव्हता. व्यवस्थापक बाईंनी मजूर घालतात तो एक कोट त्याच्यापुढे केला.

"राहू द्या हो," मामा म्हणाला. "ज्याने खरा बर्फ पाहिलाय त्याला ही गुलाबी थंडी."

आधी बटाट्यांची खोली. छतापर्यंत रचलेली पोती, ओल्या मातीचा वास, मंद दिवे. तिथे नुसतं गार होतं. त्यापुढे जाड दार, कडेला रबराची पट्टी. बाईंनी खटका ओढला आणि आतून पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत बाहेर आली. आत गोठवलेल्या मटारांची खोकी होती आणि पंखे घोंघावत होते. नळ्यांवर खरवडून काढावा असा पांढरा थर चढला होता.

ढब्बूने तोंड उघडलं आणि वाफ पाहून तो वेडा झाला. "मी किटली! मी किटली!"

मनी हातमोजा घातलेलं बोट नळीवरून फिरवत होती. बाबा चष्म्यावर लक्ष ठेवून होते. "अगं, धुकं नाही धरत! अजिबात नाही!" आई प्रत्येकाच्या बाहीत, कॉलरमध्ये बोट घालून ऊब तपासत होती. कोट पास झाले होते. तिला ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात कुठून तरी टकटक ऐकू आली. मामाचे दात वाजत होते. त्याने हात काखेत घातले होते, खांदे कानाला टेकले होते आणि तो एकेक पाऊल दाराकडे सरकत होता.

"बाई," त्याने हळूच विचारलं, "हे दार आतून उघडतं ना?"

उत्तराची वाट न बघता तो बाहेर गेलासुद्धा.

थोड्या वेळाने आई त्याला शोधत बाहेर आली. माल चढवायच्या ओट्यावर, रिकाम्या खोक्यांच्या मधे, भर उन्हात मामा बसला होता. अजून कुडकुडत होता. आई त्याच्या शेजारी टेकली.

"दादा, खरं सांग. तू बर्फात गेलायस कधी?"

मामाने मिशीवरून हात फिरवला. मग तो हात खाली आला. "पाहिलाय. लांबून."

"म्हणजे?"

"घाटाच्या पायथ्याशी एक फाटक आहे. हिवाळ्यात तिथून वर मोठे ट्रक सोडत नाहीत. माल तिथेच उतरवायचा, पुढे लहान गाड्या नेतात. खालून डोंगर पांढरा दिसायचा. वरून उतरणारे ड्रायव्हर चहा पिता पिता सांगायचे, ते मी ऐकायचो."

"आणि मिशी?"

"एकाची गोठली होती खरंच. तुटली मात्र नव्हती. तेवढं माझं."

आईने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. "बोलाचीच कढी नि बोलाचाच भात! आणि आम्ही खिशात कांदे भरणार होतो!"

"हस तू. पण पोरांना सांगू नकोस गं, धाकटे. ढब्बू माझ्याकडे कसा बघतो, ठाऊक आहे ना तुला? म्हणून तर मी येत नव्हतो. तिथे गेलो असतो तर एका पावलात बिंग फुटलं असतं."

आईने गळ्यातली माप घ्यायची फीत काढली. "हात वर कर."

"कशाला?"

"छाती मोजायचीय. तू येणार आहेस आमच्याबरोबर. जन्मभर दुसऱ्यांचा माल पोचवलास दादा, एकदा स्वतः पोच."

मामाने खूप सबबी सांगितल्या. आईने त्या ऐकतच माप घेतलं.

सुट्टी लागली आणि मंडळी निघाली. आधी रेल्वे, मग वळणावळणाची बस. डोंगरातल्या गावात उतरली तेव्हा ढब्बूने चारी बाजूंना पाहिलं. डोंगर तपकिरी होते, रस्ता कोरडा. पांढरं म्हणाल तर एका घराच्या दोरीवर वाळत घातलेली चादर.

"यंदा उशीर झालाय," लॉजची मालकीण म्हणाली. "पडेल तेव्हा पडेल. त्याला कोण विचारणार?"

दुसऱ्या दिवशीही आभाळ निरभ्र. ढब्बू कोट घालून पायरीवर मान वर करून बसला, जेवायलाही उठेना. मनी चिडली होती, पण ती चिडली की पुस्तक उघडते, तसं तिने उघडलं होतं.

"मामा," ढब्बूने विचारलं, "तुझ्या वेळी कसा सुरू झाला होता रे? आधी वारा आला होता का?"

मामा उठला. पायात बूट घालून तो बाहेर पडला.

तो गेला तो थेट बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर. गोष्ट सांगायला नव्हे, विचारायला. वरून येणारी गाडी थांबली की ड्रायव्हरला गाठायचा, चहा पाजायचा आणि विचारायचा. संध्याकाळी परतला तो एका जीपवाल्याला बरोबर घेऊनच. घाटावर कालपासून बर्फ होता. फाटक लहान गाड्यांसाठी उघडं होतं. सकाळी निघायचं होतं.

सकाळी जीपवाल्याने चाकांना साखळ्या बांधायला घेतल्या, तशी मामाने बाह्या सरसावल्या आणि तोही गाडीखाली शिरला. दोघे बाहेर आले तेव्हा दोघांच्याही नाकावर सारखंच वंगण होतं.

वाटेत फाटक आलं. लाल-पांढरा आडवा दांडा, शेजारी पत्र्याची चौकी, बाजूच्या मैदानात रांगेने थांबलेले ट्रक. पहारेकऱ्याने जीपमध्ये डोकावून पाहिलं आणि दांडा वर केला. आई मागे बसली होती. पुढच्या सीटवर मामाने दाराचा दांडा घट्ट धरला आहे, हे तिला दिसलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

काही वळणं गेली. मग एका वळणानंतर सगळं पांढरं झालं.

जीप थांबली. कुणीच उतरेना. बाहेर झाडं, दगड, उतार, सगळ्यांचे कोपरे कुणी तरी घासून गोल केल्यासारखे दिसत होते. आभाळातून बारीक बारीक काही तरी तरंगत खाली येत होतं, घाई नसल्यासारखं.

"मामा, आधी तू," ढब्बू कुजबुजला.

मामा उतरला. घोट्यापर्यंत पाय आत गेले. तो तसाच उभा राहिला. मग त्याने हातमोजा काढला आणि तळवा पुढे केला. एक कण पडला, विरघळला. दुसरा पडला.

"मामा, तू पहिल्यांदा पाहिलास तेव्हा काय केलं होतंस?" मनीने खिडकीतून विचारलं.

मामाने तिसरा कण तळव्यावर झेलला. "असाच उभा राहिलो होतो, बाळा. अगदी असाच."

आईने तोंड दुसरीकडे वळवलं.

मग मामाने ऐटीत एक पाऊल पुढे टाकलं, पाय सटकला आणि तो धाडकन पाठीवर पडला. "असं पडायचं असतं!" ढब्बू ओरडला आणि त्याने जीपमधून थेट उडी टाकली. त्याच्या मागे मनी. मोठेपणा विसरून तीही उताणी पडली आणि हातपाय हलवत हसत सुटली. ढब्बूला काही लागलं नाही. तो उठून पुन्हा पडला, मग पुन्हा.

बाबा खाली उतरले, चष्मा काढून डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी आईला साधी टपलीसुद्धा मारली नव्हती. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी बर्फ गोळा केला, नीट गोल केला आणि नेम धरून मारला. आईच्या कानावर बसला.

"अहो!" आई किंचाळली. आणि मग तिने जे सुरू केलं त्यात कुणालाच दयामाया मिळाली नाही. मामाच्या कॉलरमध्ये, बाबांच्या टोपीत, मनीच्या बाहीत. तिच्याच हातची शिवण असल्यामुळे बर्फ कुठून आत शिरतो हे तिला बरोबर ठाऊक होतं.

दमून सगळे जीपला टेकले तेव्हा जीपवाला थर्मासमधून चहा ओतत होता. इतका वेळ तो त्यांच्याकडे नवलाने बघत होता. त्याला बर्फ म्हणजे फावडं आणि कंबरदुखी.

"तुमच्याकडे समुद्र आहे का हो?" त्याने विचारलं.

"आहे की. घरापासून चालत जाता येतं," बाबा म्हणाले.

"माझी मुलगी सारखी मागे लागलेली असते. इतकं पाणी एका जागी राहतं कसं, सांडत कसं नाही, म्हणते. मी काय सांगणार? मी कुठे पाहिलाय?"

ढब्बू बर्फाचा घास खाता खाता थांबला. "तिला आमच्याकडे घेऊन या! मी दाखवतो."

"या, खरंच या," आई म्हणाली. "उन्हाळ्यात नको, फार तापतं. पाऊस संपला की या. पण हे असले कपडे घालून आणाल तर पोर उकडून जाईल. मी सुती फ्रॉक शिवून ठेवते. उंची किती आहे तिची?"

जीपवाल्याने विचार केला आणि जीपच्या दारावर, खिडकीच्या जरा खाली, हात लावून दाखवला. आई पुढे झाली. हातमोजे काढले आणि गारठलेल्या बोटांची वीत करून जमिनीपासून वर माप घेऊ लागली.