वस्तीचं मत

उत्तरेश्वरनं मोटारसायकल काटेरी कुंपणाशी लावली, तेव्हा संगीता एका लंगड्या मेंढीच्या खुराला हळद लावत बसली होती. नवरा नाथा कळप घेऊन आष्टीकडं गेलेला. घरी दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, पाणी मिळंल का?"

तिनं एका हातानं जवळचा तांब्या पुढं केला. तो घटाघटा प्याला, मिशा पुसल्या.

"तुमची सुकन्या बीडला क्लासला जाती न्हवं? साडेसातच्या गाडीनं. ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर बसती. हुशार हाय पोरगी. जपा."

एवढंच बोलून तो गेला. आवाज चढवला नाही, की वाकडा शब्द काढला नाही. पण मेंढी हातातून कधी निसटली, ते संगीताला कळलंच नाही.

उत्तरेश्वर रामकिसनरावांचा माणूस. रामकिसनरावांचं खडी क्रशर वस्तीच्या वरच्या माळावर होतं, आणि आता त्यांना शेजारचं गायरानही हवं होतं. उद्या ग्रामसभेत त्याचा ठराव यायचा होता. त्याआधी वस्ती समितीचं मत वाचून दाखवायचं, असं ठरलेलं. समिती पाच जणांची, बिरोबाच्या देवळापुढं हात वर करून वस्तीनं निवडलेली. अधिकार काही नाही, फक्त सांगायचं. आजवर समितीनं हातपंप आणि विजेचे खांब एवढंच सांगितलं होतं. यंदा मात्र पाचही जण घरोघर फिरून क्रशरच्या सुरुंगांनी भिंतींना पडलेल्या भेगा बघून आले होते. सुरुंगाचा एक दगड अंगणवाडीचा पत्रा फोडून चुलीत पडला होता. पोरं नुकतीच घरी गेलती, म्हणून वाचली. हे सगळं संगीतानं कागदावर उतरवलं होतं आणि वाचायचंही तिनंच होतं.

दुपारी ती कागद घेऊन समितीचे अध्यक्ष म्हाळूअण्णांकडं गेली. "अण्णा, माझं नाव काढा. मला जमायचं न्हाई."

"कावून?"

तिनं कागद त्यांच्यापुढं ठेवला. म्हातारा हळूच म्हणाला, "उत्तरेश्वर आलता?"

"तुमाला कसं कळलं?"

"परवा माझ्याकडं आलता. नातवाच्या शाळेची वाट मलाच सांगून गेला. मी कुणाला बोललो न्हाई. लाज वाटली."

त्यांनी उरलेल्या तिघांना अंगणवाडीत बोलावलं. सटवाकडं तो आठवड्यापूर्वी जाऊन आलेला. भारतला बाजारात गाठलं होतं. स्वप्ना तर बोलायच्या आधीच रडायला लागली. पाचही जण मनात एकच भीती घेऊन हिंडत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपणच एकटे भित्रे.

"आपुन पाच जण, म्हणून सापडतो," सटवा म्हणाला. "सगळी वस्ती कशी धरतील?"

दिवस मावळायच्या आत ते परत घरोघर गेले. काही दारं उघडलीच नाहीत. पण कागदाखाली एकसष्ट सह्या आणि अंगठे झाले. सकाळी सुकन्याच्या गाडीत वस्तीच्या तीन बायका चढल्या. संगीता रस्त्यावर उभी राहिली. गाडी वळणाआड गेल्यावरही तिला हलवेना.

ग्रामसभेत रामकिसनराव पहिल्या रांगेत बसले होते, दाराशी उत्तरेश्वर. संगीता उठली. पहिलं वाक्य तिच्या तिलाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं वाचा की, बाई," रामकिसनराव हसून म्हणाले.

तिनं कागद टेबलावर टेकवला, दोन्ही हातांनी दाबून धरला आणि वाचलं. भेगा पडलेली घरं, फुटलेला पत्रा, सुरुंगाची वेळ. मग सह्यांची नावं वाचू लागली. एकेका नावाला तो माणूस उभा राहत होता. मधेच काही नावांना कुणीच उठलं नाही. तिथं ती अडखळायची, पुढं सरकायची.

ठरावाविरुद्ध हात वर झाले. गायरानाचा ठराव पडला.

बाहेर पडताना रामकिसनरावांनी तिला हात जोडले. "लई चांगलं वाचता तुमी. ध्यानात राहील." म्हाळूअण्णांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि रस्त्यापर्यंत सोडलं नाही.

ग्रामसभेनं तोच कागद तहसीलदाराकडं धाडला, आणि त्यानंतर सुरुंग थांबले. भीती थांबली नाही. मोटारसायकलचा आवाज आला की संगीता अजूनही हातातलं काम टाकून दाराशी येते.

पुढच्या बैठकीला स्वप्ना आली नाही. माझ्याच्यानं होत नाही, असा निरोप तिनं पाठवला. भारत म्हणाला, "राजीनामा लिवून घ्या मग."

संगीतानं वही उघडली आणि स्वप्नाच्या नावापुढं लिहिलं, 'रजेवर'. मग चौघं अंगणवाडीच्या पत्र्याचं काय करायचं, ते बघायला उठले.