बनूबाईंच्या चेहऱ्याचा मुखवटा

मित्रांनो, बनूबाईंच्या चेहऱ्यावर बेतलेला मी एक जुना मुखवटा आहे. बदलापुरातल्या एका रुग्णालयात, किरणोपचार विभागाच्या एका खोलीत, कपाटावर माझी जागा आहे.

आधी मी पांढऱ्या प्लास्टिकची सपाट जाळी होतो. टेक्निशियन कुंदाताईंनी मला गरम पाण्यात बुडवलं, तेव्हा मी मऊ झालो. मग त्यांनी मला टेबलावर झोपलेल्या बनूबाईंच्या तोंडावर ताणलं. नाक, हनुवटी, गालाची हाडं, सगळं माझ्यात उमटलं. थोड्याच वेळात मी गार होऊन कडक झालो. दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा मी राहिलो नाही.

बनूबाईंना घशाचा कर्करोग झाला होता. किरण गाठीवरच पडावेत म्हणून डोकं जराही हलू न देणं, हे माझं काम.

त्या उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पापडाच्या कारखान्यात होत्या. लाटणाऱ्या बायका पुष्कळ, पण पीठ चाखायचा मान बनूबाईंचा. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून त्या मीठ कमी की मिरी जास्त ते सांगायच्या, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय मालक भूपेशशेठ लाट्या पाडू देत नसत. "डाक्टरांनी माझा गळा बरा केला तर बरंच," त्या कुंदाताईंना म्हणाल्या, "पण जीभ तेवढी ऱ्हाऊ दे."

त्याच दिवशी डॉक्टर राजसी त्यांच्याशी बोलायला आल्या. सून संजीवनी शेजारी उभी होती.

"किरणांनी लाळेच्या ग्रंथी सुकतात, आजी. तोंड कोरडं पडतं, चव जाते. या ग्रंथी वाचवायची एक नवी पद्धत आम्ही तपासतोय. अर्ध्या लोकांना जुनी, अर्ध्यांना नवी. कोणाला कुठली, ते चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो."

"आन् नव्या पद्धतीनं पण नाय वाचल्या तर?"

"तर तेही आम्हाला कळलं पाहिजे. म्हणून दर तीन महिन्यांनी तुम्हाला बारा प्रश्न विचारू. जे होत असेल ते सांगायचं. आणि नको वाटलं तर नाही म्हणा, उपचार तरीही होतील."

बनूबाईंनी विचार केला आणि सही केली. त्यांच्या वाट्याला नवी पद्धत आली.

तेहेतीस दिवस मी त्यांच्या तोंडावर बसलो. चौथ्या आठवड्यात गळ्याची कातडी काळी पडली, तोंडात फोड आले. माझ्या जाळीतून त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळायचं. एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. पुढे तपासणीत गाठ गेलेली दिसली आणि सगळ्यांना आनंद झाला. नव्या रुग्णांना दाखवायला म्हणून मला कपाटावर ठेवलं. बाहेरून आलेले डॉक्टर मला हातात घेऊन म्हणायचे, "काय फिट बसलाय." तेव्हा मी फुलून जायचो. आता त्या कौतुकाची मला लाज वाटते.

तीन महिन्यांनी बनूबाई आल्या. प्रश्न विचारून कागद भरायचं काम डॉक्टर राजसींच्या हाताखालच्या सुयोगचं होतं. बाहेर बाक भरलेलं होतं आणि त्याचा फोन सारखा वाजत होता.

"कसं काय मावशी? बरं आहे ना?"

"बरं हाय."

सुयोगने कागदावर बाराच्या बारा ठिकाणी 'त्रास नाही'वर खूण केली आणि तो पुढच्या रुग्णाला बोलवायला गेला.

"आई, असं काय सांगितलंत?" संजीवनी म्हणाली. "रात्री चार वेळा पाण्याला उठता. भाकरी गिळवत नाही. काल आमटीत मीठच नव्हतं, ते तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

"जीव वाचवलाय त्यांनी माझा. त्यांच्या तोंडावर कुरकुर कशी करू?"

सहा महिन्यांनी हेच झालं. नऊ महिन्यांनीही हेच.

वर्षाने सुयोग रजेवर होता, म्हणून डॉक्टर राजसी स्वतः बसल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. बनूबाई "बरं हाय" म्हणाल्या. डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि पेन खाली ठेवून वाट पाहिली. तेव्हा संजीवनीला राहवलं नाही.

"पिठाचे दोन घाणे खारट झाले, मॅडम. शेठ काही बोलले नाहीत, पण चाखायला दुसरी बाई ठेवली. आई आता पाकिटं भरतात."

डॉक्टरांनी फाइल उघडली. तिन्ही कागदांवर एकही त्रास नव्हता.

सुयोग परतल्यावर त्यांनी त्याला याच खोलीत बोलावलं. "प्रत्येक प्रश्न विचारला होतास?"

"त्या बरं आहे म्हणाल्या, मॅडम."

"प्रत्येक प्रश्न?"

"नाही, मॅडम. बाहेर गर्दी असायची."

मग डॉक्टरांनी सगळ्या रुग्णांना फोन केले. साठातल्या बावीस जणांचे कागद असेच भरलेले निघाले. गेलेल्या महिन्यांचा त्रास आता कसा मोजणार? ते बावीस जण बाद झाले, आणि उरलेल्यांवरून काही ठरवता येईना. अभ्यास बंद झाला. नवी पद्धत चांगली की वाईट, आजही कोणाला ठाऊक नाही.

हे सांगायला डॉक्टरांनी बनूबाईंना बोलावून घेतलं. बनूबाईंनी सगळं ऐकलं.

"म्हंजे माझी जीभ गेली ती कुणाच्याच कामी नाय आली?"

"नाही आली. चूक आमची आहे."

"मी पण खरं बोलले नाय."

"तुम्हाला बोलायला आम्ही वेळच दिला नाही, आजी."

"बारा प्रश्न होते ना?" बनूबाई म्हणाल्या. "विचारा आता."

डॉक्टरांनी एकेक प्रश्न विचारला. बनूबाई थांबत, पाण्याचे घोट घेत सांगत गेल्या. त्यांना तासभर लागला. तो कागद अभ्यासात घेता येणार नव्हता. दोघींनाही ते माहीत होतं.

मित्रांनो, मी प्लास्टिकचा. माझ्यावर धूळ बसली तरी कोणाचं बिघडत नाही. पण तुमच्या घरात, शेजारी, कोणी आजारी असेल आणि तुम्ही विचारपूस करायला गेलात, तर लगेच उठू नका. माणसं उपकाराच्या ओझ्याखाली दुखणं गिळतात. प्रश्न विचारलात, तर उत्तर येईपर्यंत बसा. इथे त्यासाठी फक्त तासभर हवा होता, आणि तो वर्षभरात कोणाला सापडला नाही.