रकान्यात नसलेला मामा

वर्षातून एकदा पालिकेच्या इमारत विभागात हितसंबंधांचे कागद वाटले जात आणि सगळा विभाग ते चहा निवायच्या आत भरून टाकी. भरायचं तरी काय होतं? आपल्या जवळच्या नातेवाइकांचा पालिकेपुढच्या कुठल्या कामाशी संबंध आहे काय, असा एक प्रश्न. खाली पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे असे चार रकाने आणि चारही रकान्यांत सगळ्यांचा एकच शब्द: निरंक. हेडक्लार्क कागद हातात देतानाच सांगत, "निरंक लिहा आणि लगेच परत करा."

त्या मंगळवारीही तसंच चाललं होतं. फक्त खिडकीजवळच्या टेबलावर ताईचं पेन 'नि' काढून अडलं. नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

ती विभागातली एकटी महिला अभियंता, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. नवी इमारत बांधून झाली की जागेवर जायचं, नकाशाशी ताडून बघायचं आणि लोकांनी वापरायला योग्य आहे असा दाखला द्यायचा, हे तिचं काम. त्या दिवशी तिच्यासमोर एका प्रसूतिगृहाची फाईल होती. तीन मजले, पंचवीस खाटा आणि मालक तिचा सख्खा मामा.

आईवडील गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. मामाने तिला घरी आणलं, आपल्या मुलीशेजारी तिचं अंथरूण घातलं आणि पुढची पंधरा वर्षं दोघींत तसूभर फरक केला नाही. परीक्षेला तो तिला स्कूटरवरून सोडायचा आणि पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहायचा. अहो, हा माणूस नालायक असता तर किती सोपं झालं असतं!

रविवारी तो तिला मोठ्या हौसेने इमारत दाखवायला घेऊन गेला होता. लिफ्ट, गुळगुळीत फरशी, बाळांच्या खोलीतले निळे पडदे. "बघ, तुझ्या मामाने काय उभं केलंय!" तिलाही मनापासून आनंद झाला. उतरताना मात्र ती सवयीने मागच्या जिन्याने उतरली. नकाशात हा जिना थेट गल्लीत उघडत होता. प्रत्यक्षात शेवटच्या पायरीसमोर भिंत होती, अजून प्लास्टर ओलं असलेली. पलीकडे औषधांच्या दुकानात फळ्या ठोकणं चालू होतं.

"मामा, हे काय?"

"अगं, दुकान जरा वाढवलं. पुढचा जिना आहे की!"

"आणि आग लागली तर? वर टाके घातलेल्या बायका असतील, तान्ही मुलं असतील. पुढे धूर कोंडला तर त्या उतरतील कुठून?"

"शुभ बोल गं! सही काय ती तुझीच लागते. आणि तू तर घरचीच."

घरचीच. हा शब्द तिच्या मागे दोन दिवस लागला होता. सही केली तर आपण बेइमान, नाही केली तर कृतघ्न. करावं तरी काय?

नियमात एक वाट होती. फाईल नातेवाइकाची असेल तर ती दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. पण चार रकान्यांत मामा कुठे होता? तिने हेडक्लार्कना विचारलं. ते हसले. "ताई, नियमाप्रमाणे मामा नातेवाईकच नाही. कागद छापणाऱ्यांनी सगळ्यांनाच मामा बनवलंय. नाहीतर वरच्या साहेबांचे भाचे नसते का उघडे पडले?"

तिने 'नि' खोडला आणि समासात हाताने लिहिलं: 'मामा. प्रसूतिगृहाचे मालक. फाईल दुसऱ्याकडे द्यावी.' फाईल समोरच्या टेबलावर बापूंकडे गेली आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. बापू मुरलेले अभियंते. ते जागेवर जातील, भिंत बघतील, तेच नाही म्हणतील. नियमही पाळला गेला आणि मामाला नाही म्हणायची वेळही आली नाही. भोळी बिचारी!

जेवून परत येते तो बापूंची सही झालेली.

"जागेवर जाऊन आलात?"

"जायचंय काय त्यात? तुमचा मामा तो आमचा मामा!" बापूंनी दुसरी फाईल तिच्यापुढे सरकवली. "हे आमच्या साडूचं गोदाम. तुमचं बघून मीही समासात साडू लिहिलंय हं. आजवर आपल्या विभागात हे तोंडीच चालायचं. तुमच्यामुळे लेखी झालं, एकदम स्वच्छ काम!"

ती त्या फाईलीकडे बघतच राहिली. नातेवाइकाच्या फाईलीला हात लावू नका, असा नियम. यांनी कुठे हात लावला? नुसते हात बदलले. आणि या साट्यालोट्यावर प्रामाणिकपणाचा शिक्का मारून दिला तो तिनेच. तिला स्वतःचीच शिसारी आली.

पाच वाजता फाईल शेवटच्या शिक्क्यासाठी मुख्य अभियंत्यांकडे जाणार होती. चार वाजता मामा आला. घामाघूम आणि खूश.

"परवा पहिली बाळंतीण येतेय!"

"मामा, ती भिंत पाड. मी पाया पडते तुझ्या."

"आता? अगं, सही झाली. तीही बापूंची. तुझ्या अंगाला काही चिकटत नाही." त्याचा आवाज खाली आला. "गप्प राहा, बाळ. आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

खरंच, कधीच मागितलं नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, ती गप्प राहिलीही असती. तिचे डोळे भरून आले होते. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "आमच्या बहीणबाई कशा आहेत? दिवस भरले ना?"

लेकीचं नाव निघताच मामाचा चेहरा फुलला. "आठवड्यात होईल मोकळी."

"आपल्याच प्रसूतिगृहात ना?"

"छे छे, तिचं नाव जुन्या दवाखान्यात घातलंय. बैठी इमारत आहे, चारी बाजूंनी दारं..."

मामा मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. खिशातला रुमाल काढून तो उगाच मान पुसत बसला.

ताईने कोरा कागद ओढला. तिने लिहिलं: 'मागचा जिना तळाशी भिंत बांधून बंद केला आहे. मी स्वतः पाहिला आहे. जागेची तपासणी न करता सही झाली आहे. दाखला देऊ नये. मालक माझा मामा आहे.'

बापू वाचून ताडकन उठले. "ताई, शोभतं का हे? माझ्या साडूचं काय मग?"

"गोदाम जो जागेवर जाऊन बघेल तोच सही करेल. मी तर करणार नाही."

"मामीला मी काय सांगू?" मामाने विचारलं. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तिला सांग, आपल्या लेकीची तू घेतलीस तेवढीच काळजी मी दुसऱ्यांच्या लेकींची घेतली."

मुख्य अभियंत्यांच्या खोलीकडे जायची वाट कपाट आणि मामाची खुर्ची यांच्यामधून होती. ती कागद घेऊन उभी राहिली. मामाने पाय आवरले नाहीत. ज्या पायांना ती आजवर वाकून नमस्कार करत आली, ते ओलांडून ती आत गेली.

आता ती कुठल्या तोंडाने मामाच्या घरी जाईल, हे मला विचारू नका. त्या पंचवीस खाटांपैकी एकीवर तुमच्या घरची कुणी असती, तर तिने काय करायला हवं होतं, तेवढं मात्र सांगा.