शरयूचा गरम फुलका

ग्वाल्हेरात कुठे खावं आणि कुठे फिरकूही नये, हे गुरुप्रसादांना विचारल्याशिवाय गोरखीतली त्यांची गल्ली जेवायला बाहेर पडत नसे. अमक्याची कचोरी झकास, पण चटणी वाढताना हात आखडता. तमक्याच्या भाजीत पनीर शोधायला दिवा लावावा लागतो. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, की याहून चांगलं आमच्या घरी मिळतं, तेही फुकट. लोक मग शरयूकडे कौतुकानं बघत. फुकट म्हणे! पण चारचौघांत नवऱ्याला काय बोलायचं, म्हणून ती बापडी नुसती हसे.

लेकीला, अवंतिकाला, नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिनं दोघांना इंदरगंजच्या नव्या थाळीवाल्याकडे नेलं. दुपार कलली होती, गर्दी ओसरली होती. शरयूला खिडकीजवळची जागा मिळाली. ताट येताच गुरुप्रसादांनी डाळ पातळ असल्याचं आणि भाजी सकाळची असल्याचं जाहीर करून टाकलं. अवंतिका म्हणाली की बाबा, आज तरी रहने दो.

तेवढ्यात वाढप्यानं शरयूच्या ताटात फुलका टाकला. टम्म फुगलेला, तूप माखलेला. तिनं बोट टेकवलं तशी भस्सकन वाफ निघाली आणि चटका बसला. अगंबाई, किती वर्षांनी हा चटका! बाहेरचे भोंगे, भांड्यांचे आवाज सगळं कुठेतरी लांब गेलं. माहेरच्या स्वयंपाकघरात ती पाटावर बसली होती, फ्रॉकमध्ये, आणि आई तव्यावरून थेट ताटात वाढत होती. खा गं सावकाश, म्हणत होती. फुलका संपला की दुसरा येत होता. उठायचं नव्हतं, लाटायचं नव्हतं. शरयूला इतकं सुख झालं की डोळेच मिटले.

गुरुप्रसादांचं आटोपलं होतं. हात पुसत ते म्हणाले, "चला, उठा. काही पैसे वसूल नाहीत. याहून मऊ फुलके आपल्या घरी होतात."

अवंतिका पर्स उचलू लागली. शरयूच्या ताटात नुकताच नवा फुलका पडला होता. या आवाजासरशी ती जन्मभर उठत आली होती. आताही तिचा हात पदराकडे गेला. पण ताटातून अजून वाफ येत होती. ती बसूनच राहिली.

"होत असतील," ती म्हणाली. "मी कधी गरम खाल्ले नाहीत."

गुरुप्रसादांना कळेना. तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, की तुम्हा सगळ्यांचं झाल्यावर मी ताट घेते, तोवर माझे गार होतात, आणि तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत आडवे झालेले असता.

गुरुप्रसाद खुर्ची ओढून परत बसले. वाढप्याला त्यांनी हातानंच खूण केली, इकडे वाढ म्हणून. शरयू सावकाश जेवली, पोट भरेपर्यंत, आणि तोवर कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या लीलाताईंनी फाटकातच गाठलं. नवं हॉटेल कसं आहे, जाण्यासारखं आहे का, जेवण कसं होतं, सगळं विचारलं. गुरुप्रसादांनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला नाही सांगता यायचं," ते म्हणाले. "मी हिला जेवताना बघत होतो."