बंद घराचे पाच फोटो

खुशीनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला आणि स्कुटी पुरती थांबायच्या आत मागच्या मागं उतरली.

"चला वापस," ती म्हणाली. "काहीच नाही इथं. नुसती कुलपं हायेत."

"अरे यार, कुलपंच तर पाहिजे," दुर्गेशनं स्कुटी स्टँडला लावली. "देख ना, क्या लोकेशन है. पूरा गावच भूत बंगला."

मध्ये दबून बसलेली दामिनी आता मोकळी झाली. तिनं ओढणी झटकली आणि गल्लीत शिरली. दोन्ही बाजूंची निम्मी दारं बंद होती. एक घर सोडलं, दुसरं सोडलं आणि तिसऱ्यासमोर ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मातीच्या भिंती, वर कवेलू, अंगणातल्या मांडवावर भोपळ्याचा वाळलेला वेल. दोरीवर विसरून राहिलेला टॉवेल उन्हानं पापडासारखा कडक झालेला.

"हे," दामिनी म्हणाली.

गावात एवढी कुलपं, आणि या बाईला नेमकं हेच सापडावं! खुशी याच दाराच्या आत जन्मली होती. मांडवाचा डावा खांब तिनं स्वतः बापासोबत रोवला होता. पण हे सांगायची सोय तिनं स्वतःच बंद करून ठेवली होती.

देवरीच्या कॉलेजात अकरावीला आली त्या दिवशी होस्टेलच्या पोरींनी विचारलं, गाव कोणतं, तर हिच्या तोंडून निघून गेलं, हायवेवरचं कोहमारा. का निघालं ते देव जाणे. एकदा निघालं की त्याला घर लागतं. तिनं ते स्लॅबचं बांधलं. घर झालं तर बापाला काम पाहिजे, त्याला ट्रान्सपोर्टमध्ये लावला. मायला नुसतं घरी बसवणं बरं दिसेना, म्हणून तिला चौकात ब्युटी पार्लर टाकून दिलं. बाहेरून काळी काच. दिवाळीनंतर तिनं त्या पार्लरला एसीसुद्धा बसवला होता. एवढं चालू धंद्याचं पार्लर आता एका मिनिटात पाडायचं कसं?

आज इथं यावं लागलं ते राजदीप सरांमुळं. मराठी शिकवतात, पण धडा बाजूला ठेवून भलतंच काही करायला लावायची त्यांना खोड. गॅदरिंगसाठी टोळ्या पाडल्या आणि सांगितलं, पाच फोटोंत भीतीची गोष्ट सांगायची. एक शब्द लिहायचा नाही. "बाजारातला मुखवटा आणणारा नापास. पांढरी चादर पांघरणारा दोनदा नापास." खुशी इकडच्याच प्रतापगडच्या पडक्या किल्ल्यावर जाऊ म्हणाली होती. दामिनीनं सांगितलं, अर्धा वर्ग तिकडंच चाललाय, भुतालाही रांग लागेल, आणि निम्म्या घरांना कुलूप असलेलं हे गाव तिनंच शोधून काढलं.

"हे घर नोको," खुशी म्हणाली. तोंडासमोर स्कार्फ होता म्हणून बरं. "लोक काय काय सांगतात याचं."

"काय सांगतात?"

आता घाबरवूनच पळवायचं तर चांगलं घाबरवावं. खुशीनं आवाज खाली नेला. "एक बाई होती इथं. धान घरात आला की ती जायची. घर बंद. होळीच्या टायमाले यायची. मंग एका साली गेली ते आलीच नाही. तवापासून हे घर तिची वाट पाहून राहिलं. आत कोणी गेलं तं त्याले वाटते तीच आली. सोडतच नाही मंग."

बोलता बोलता तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. दुर्गेशचं तोंड उघडं राहिलं. दामिनीनं मात्र टाळी वाजवली.

"हीच गोष्ट! खुशी, पहिल्यांदा कामाचं बोललीस तू. आणि ती बाई तूच."

समोरच्या ओसरीत म्हातारा उदाराम अंबाडीचा दोर वळत बसला होता. दामिनी त्याच्याकडं गेली. खुशी तिच्या मागं, मान खाली घालून.

"आजोबा, समोरचं घर कोणाचं?"

"दुधरामचं."

"कुठं आहेत ते?"

"गेले," उदाराम म्हणाला आणि पुढचा पीळ घातला.

"गेले मतलब?" दुर्गेशनं हळूच विचारलं.

"गेले मंजे गेले. बायकोले घेऊन गेला."

"त्या घरात भूत आहे म्हणतात."

"कोण म्हणते?"

दामिनीनं खुशीकडं बोट केलं. उदारामनं दोर खाली ठेवला. स्कार्फकडं पाहिलं, मग पायांकडं, मग पुन्हा स्कार्फकडं. खुशीनं दोघांच्या पाठीमागून त्याला हात जोडले. म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या.

"ही म्हणते तं असंलच," तो म्हणाला. "हिले जास्त माहीत राहील. किल्ली देऊ का?"

त्यानं ती खुशीच्याच हातावर ठेवली. "सांभाळून जाजो बाई. त्या घरातली एक पोट्टी लय खोटारडी हाय. तिच्या नादी लागजो नोको."

कुलूप जुनं होतं, किल्ली घालून वर दाबल्याशिवाय फिरत नसे. खुशीनं मुद्दाम दोनदा चुकवलं, दुर्गेशलाही फिरवू दिलं, मग योगायोगानं उघडल्यासारखं उघडलं. आत अंधाराला उंदरांचा आणि जुन्या धुराचा वास होता. कवेलूंच्या फटींतून उन्हाच्या काड्या खाली उतरल्या होत्या, त्यात धूळ तरंगत होती.

"अप्रतिम," दामिनी पुटपुटली.

पुढचं काम मजेत झालं, हे खुशीला कबूल करावंच लागलं असतं. पहिला फोटो दाराचा, नुसतं अर्धं उघडं. दुसरा थंड चुलीचा, जवळ पालथं ताट. खुशीनं खुंटीवरचं मायचं लुगडं कपड्यांवरूनच गुंडाळलं, डोईवर पदर घेतला आणि तिसऱ्या फोटोत पाठमोरी उभी राहिली. चौथ्यात ती धान साठवायच्या ढोलीमागं होती. बांबूच्या तट्ट्याची ती ढोली माणसापेक्षा उंच, तिच्याआडून फक्त चार बोटं दिसत होती. दुर्गेशनं फोटो काढला आणि फोन दामिनीच्या हातात देऊन तो अंगणात जाऊन आला.

"पाणी प्यायला गेलो होतो," तो म्हणाला. पाण्याची बाटली आतच होती.

मग दामिनीनं टॉर्च ढोलीच्या मागच्या भिंतीवर मारला.

भिंतभर पंजे होते. पांढरे, एकावर एक चढत गेलेले. काही मोठे, काही मधले, खाली काही अगदी लहान. नवा धान ढोलीत पडला की तांदळाच्या पिठात हात बुडवून भिंतीवर ठेवायचा, घरातल्या प्रत्येकानं एकेक, ही या घराची रीत. अंगठा आतल्या बाजूला वळलेला पंजा बापाचा. करंगळी टेकत नाही तो मायचा. यंदाचे दोनच होते. यंदा धान आला तेव्हा खुशी होस्टेलमध्ये होती.

"अरे बाप रे," दुर्गेश म्हणाला. "ये तो असली निकला."

"पाचवा फोटो," दामिनी म्हणाली. "पण पांढरे नाही. ताजा पाहिजे. लाल. म्हणजे ती इतक्यातच येऊन गेली असं वाटेल."

दुर्गेशच्या बॅगेत पोस्टर रंगाची बाटली होतीच. त्यानं तळहात लाल केला आणि यंदाच्या दोन पंजांवर नेम धरला. खुशी मध्ये आली.

"नोको."

"काऊन?"

"नोको म्हटलं ना."

"अगं पुसून टाकू नंतर. कोण पाहतंय?"

"ते पुसता नाही येत. बाजूले मार पाह्यजे तं, ह्याच्यावर नोको."

"बाजूला काय मजा? जुन्यावर नवा, तेच तर भीतीचं," दामिनी म्हणाली. तिनं टॉर्च खुशीच्या तोंडावर आणला. स्कार्फ केव्हाच सुटला होता. "खुशी, तुला झालंय काय?"

सांगून टाकावं असं खुशीला वाटलं. ओठांपर्यंत आलं. पण मग कोहमाऱ्याच्या चौकातली काळी काच डोळ्यांसमोर उभी राहिली आणि ती नुसतीच पदर घट्ट धरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

दारात उजेड हलला. उदाराम आत आला होता, हातात मोबाइल समोर धरून, जसा कोणी दिवा घेऊन येतो.

"मालकिणीले इचारल्याबिगर घर रंगवता का बे?" तो दुर्गेशला म्हणाला आणि मोबाइल त्यांच्याकडं वळवला. "घे वं गीताबाई. पाह्य तुह्या घरचे भुतं."

पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती, मागं लालभडक मिरच्यांचा ढीग. ऊन एवढं होतं की ती डोळे बारीक करून पाहत होती. क्षणभरच.

"खुशे? माझं लुगडं कायले गुंडाळलं वं?"

दुर्गेशनं लाल हात पाठीमागं नेला.

"आन हे कोण? तुह्ये दोस्त होय का? आली तं मले सांगता नाही येत? बापू, बसा ना. खाट हाय तिथं, आडवी करून घ्या. खुशे, त्याह्यले चहा दे. दूध नसंल तं काळा दे. साखर मुंग्यांनी खाल्ली असंल, गूळ पाह्य डब्यात."

"हो माय," खुशी म्हणाली.

"नमस्ते आंटी," दुर्गेश म्हणाला. एका हातानं नमस्कार होईना म्हणून त्यानं नुसती मान लववली.

"नमस्ते बापू. घर दाखव ना मले जरा. त्या म्हाताऱ्याचा हात हालते."

दुर्गेशनं डाव्या हातात मोबाइल घेतला आणि तो घरभर फिरला. वर्गात कोणाचं न ऐकणारा पोरगा, पण बाई सांगेल तिकडं वळत होता. वर कर. कवेलू सरकले, माकडं येऊन गेली वाटते. चुलीकडं ने. ताट पालथं कोणी ठेवलं? भुतानं, दुर्गेश म्हणाला, आणि पडद्यातली बाई खळखळून हसली. मग तो ढोलीमागं आला.

"थांब," गीताबाई म्हणाली. "इथं थांब जरा."

तो थांबला. ती भिंतीकडं पाहत राहिली. खुशीला वाटलं आता काहीतरी सांगेल, पण मिरचीच्या शेतात रेंज किती टिकणार, चित्र तिथंच अडकलं. आवाज गेला. अंधाऱ्या खोलीत, पंजांच्या भिंतीसमोर, एका हातभर उजेडात तेवढा एक चेहरा राहिला, पापणी न हलवता पाहणारा.

दामिनीनं दुर्गेशचा फोन उचलला. फोटो काढला नाही. आधी खुशीकडं पाहिलं.

खुशीनं डोईवरचा पदर सारखा केला.

"काढ," ती म्हणाली.

चहा गुळाचाच झाला. उदारामनं दोन कप घेतले आणि भूत बरा चहा करते असं सर्टिफिकेट दिलं. कुलूप लावताना दामिनी शेजारी येऊन उभी राहिली.

"आणि पार्लर?"

"बंद पडलं."

"एसीसकट?"

"लाइटबिल लय येत होतं."

दामिनी हसली नाही, पण स्कुटीवर बसताना तिनं खुशीला मधली जागा दिली.

बुधवारी सरांनी सगळ्या टोळ्यांचे फोटो प्रोजेक्टरवर लावले. प्रतापगडची भुतं एकामागून एक आली आणि लोक पोटभर हसले. मग यांचं अर्धं उघडं दार आलं, चूल आली, पाठमोरी बाई आली. ढोलीआडच्या बोटांवर पुढच्या बाकावरच्या पोरी खरोखर किंचाळल्या. दुर्गेशनं कॉलर ताठ केली.

पाचवा फोटो आला. कोणी हसलं नाही, कोणी किंचाळलं नाही. अंधारात तरंगणारा तो चेहरा सरळ त्यांच्याकडंच पाहत होता.

"हे कसं जमवलं?" सरांनी हळू विचारलं. "ही बाई कोण?"

दामिनी आणि दुर्गेश दोघंही समोर पाहत राहिले. सांगायचं काम त्यांचं नव्हतं. खुशी उठून उभी राहिली.

"माझी माय हाय, सर. ते घर आमचं हाय."

मागच्या बाकावरून ओमेशनं अगदी मायेनं विचारलं, "कधी वारली?"

"वारली नाही," खुशी म्हणाली. "मिरची तोडून राहिली. तेलंगणात."