गोळी शेळीला, शिंका साहेबांना

संशोधन केंद्रातल्या शेळ्या सांभाळणारे मामा त्या सकाळी चारा टाकताना सारखे फाटकाकडे बघत होते. आज तपासणी समिती येणार होती. प्रयोग फसला असं ठरलं, की वीसही शेळ्या खाटकाकडे. त्यातली ठमी तर मामांच्याच हातावर जन्मलेली.

प्रयोग साधा. दहा शेळ्यांना क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दहांना काही नाही, आणि सगळ्यांच्या नाकात सर्दीचे विषाणू. दोन महिने झाले, एक शेळी शिंकेल तर शपथ! प्रयोग करणाऱ्या साहेबांच्या नाकाला मात्र धार लागली होती.

"या आजारी का पडत नाहीत हो?" साहेब रुमालातून म्हणाले.

"साहेब," मामा म्हणाले, "शेळी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतातच करते. अंगावर बेतलं की जास्तच. पहिल्या दिवशी तुम्हीच फळ्यावर लिहिलंत. अजून पुसलेलं नाही."

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच.

"मग दोन महिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"मला वाटलं, तुम्ही वाचलं असेल."

तेवढ्यात समिती आली. तिघंही नाकावर रुमाल धरून. अध्यक्षबाई तर अशा शिंकल्या, की दाराची कडी वाजली.

"गोळीवाल्या कुठल्या?"

"उजवीकडच्या."

"आणि डावीकडच्या?"

"त्याही ठणठणीत." साहेबांचा चेहरा पडला, मामांनी मात्र सगळं सांगून टाकलं. "बाई, शेळीचं औषध शेळीच्याच पोटात. ज्यांना ते करता येत नाही असे इथे पाचच. तुम्ही तिघं, साहेब आणि मी."

"म्हणजे गोळ्या आपल्याला द्यायला हव्या होत्या!" बाईंनी तिथल्या तिथे ठराव केला. "मग या शेळ्या पाठवून द्या."

मामांच्या हातातून पेंढी सुटली. पण जीभ शाबूत होती.

"बाई, आजारी न पडणारं कुणीतरी जवळ नको का? तुमची तुलना करायची कुणाशी?"

बाईंनी डोळे मिटून विचार केला, एकदा शिंकल्या आणि शेळ्या ठेवून घ्यायच्या कागदावर सही केली.

आता समितीचे तिघं आणि साहेब रोज सकाळी गोठ्याबाहेर बाकावर रांगेत बसतात. दोघांना गोळी, दोघांना नाही. चौघंही शिंकतात. गोळीवाले अर्धा दिवस आधी बरे होतात, असं साहेब म्हणतात. साहेब गोळीवाले आहेत.

ठमी कुंपणापलीकडून रवंथ करत बघत असते.