शिवलेलं लुगडं

"हात लावू नुको," मोतीआजी म्हणाल्या. हुक लावायला पुढे केलेला माझा हात तसाच राहिला.

पलंगावर त्यांचं हिरवं लुगडं होतं. म्हणजे परवापर्यंत ते लुगडं होतं. आता त्याला कमरेला इलास्टिक होतं, बाजूला दोन हुक होते आणि निऱ्या शिवून पक्क्या केल्या होत्या. पायजम्यासारखे पाय घालायचे, हुक लावायचे, दोन मिनिटांत बाई तयार. हल्ली लग्नात निम्म्या बायका असंच घालतात.

आजींनी शिवणीवरून उजव्या हाताची बोटं फिरवली. डावा हात लकव्यानंतर अजून नीट वळत नाही.

"कोनी केला ह्ये?"

"मी. म्हणजे आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या अल्पेश टेलरकडून करून आणलं. तुम्हालाच सोपं जावं म्हणून, आजी."

"मना इचारलास?"

खरं सांगते, मला रागच आला. लुगडं पिशवीत घालून घरी नेलं मी, टेलरच्या डोक्यावर बसून दोन दिवसांत करून घेतलं मी, आणि वर हे ऐकायचं. करायला गेले भलं, तर म्हणे इचारलास का.

माझा हात जलद आहे, तेवढीच काय ती माझी कमाई. वीस वर्षं उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापले. जो हात थांबला तो मेला, असं आमचा सुपरवायझर म्हणायचा. कारखाना बंद पडला तशी मी खरवईच्या या वृद्धाश्रमात लागले. इथे चौदा जणांच्या आंघोळी नऊच्या आत उरकायच्या. कोणाची बटणं, कोणाची वेणी, कोणाचा चहा फुंकून द्यायचा. नव्या मॅनेजर नीलिमा मॅडम आल्यापासून त्यांनी नवीन काढलं होतं, आधी विचारायचं, मग हात लावायचा. मला ती सगळी थेरं वाटायची. चौदा जणांना विचारत बसले तर दुपारच्या जेवणाला रात्र होईल.

आणि आज तर घाई होतीच. आजींच्या नातीची, रिद्धीची हळद. आजींचं घर गावातच, इथून गाडीने दहा मिनिटं. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी बाई लागते, धवलारीण म्हणतात तिला. मोतीआजींनी चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या हळदी गायल्या. रिद्धीने हट्टच धरला होता की जात्यावर हळद दळायला घेताना आजीनेच गायचं. आजींचा मुलगा, रिद्धीचा बाप भगवंत मात्र घाबरट. वर्षापूर्वी आजी घरात लुगड्यात पाय अडकून पडल्या होत्या, तेव्हापासून त्याने इथल्या फायलीत लिहून दिलं होतं, आईला फक्त गाऊन. चार दिवसांपूर्वी त्याचा फोन आला, गाऊनवरच आणा, वरून शाल टाका, व्हीलचेअर घ्या. आजींनी मला एवढंच सांगितलं होतं, "गाऊनमधे धवला नाय व्हयाचा. लुगरा नेसूनच जाईन, नायतर जानार नाय."

म्हणूनच तर मी शिवून आणलं ना!

"घालून तर बघा," मी म्हणाले. "नऊ वाजलेत. दहाला भगवंतदादा येतील."

आजींनी लुगडं माझ्याकडे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "सांग त्याला, मी नाय येत."

त्या ओरडल्या असत्या तर मी चार शब्द ऐकवले असते. पण त्यांच्या पाठीकडे बघून बोलताच येईना. महिनाभर रोज सकाळी मी आंघोळीला न्यायला यायच्या आधी उठून ही बाई टॉवेलच्या निऱ्या घालून सराव करायची. मी दारातून बघितलं होतं. बघून हसले होते, आणि टॉवेल काढून घेऊन घडी केली होती.

"अर्धा तास द्या मला," मी म्हणाले. "उसवते."

कारखान्यातलं कटर अजून माझ्या पर्समध्ये असतं. मी फरशीवर बसले आणि सुरू झाले. इलास्टिक काढलं, हुक तोडले, निऱ्या सोडवल्या. माझे हात इतके भरभर कधी चालले नसतील. शेवटची शिवण उसवली आणि लुगड्याचे दोन तुकडे माझ्या मांडीवर पडले. तेव्हा आठवलं, अल्पेश म्हणाला होता, "मौसी, एक कट मारना पडेगा, फिटिंग अच्छा आयेगा." आणि मी म्हणाले होते, "मारो."

मला रडू फुटलं.

"आजी, हे कापलंय. मी कापायला सांगितलं."

त्या वळल्या. पदराचा तुकडा हातात घेतला, कापलेली कड बघितली.

"ह्याच लुगऱ्यावर मी भगवंताच्या हलदीन गायलू," त्या म्हणाल्या. "गेला ता गेला. ररू नुको. दे."

मोठा तुकडा घेऊन त्या भिंतीच्या दांडीला टेकून उभ्या राहिल्या. आगरी नेसणं मला येत नाही, आमच्या होममध्ये कोणालाच येत नाही. गुडघ्यापर्यंत, घट्ट. मी हात पाठीमागे घेऊन बोटांत बोटं अडकवली. पहिली गाठ बसली. निऱ्या सुटल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा सुटल्या. डावा हात मध्येच थरथरायचा आणि केलेलं सगळं खाली यायचं. माझी बोटं दुखायला लागली. घड्याळात दहा वाजून गेले.

खाली हॉर्न वाजला. मग भगवंतदादाच दारात आला, कपाळावर कुंकू, शर्ट घामाने भिजलेला.

"हे काय, लुगडं? कमळाताई, तुम्ही बघत काय उभ्या? नेसवा ना पटकन. तिकडे रिद्धी जात्याला कोणाला हात लावू देत नाय."

"त्या सांगतील तेव्हा नेसवीन," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून निघालं यावर माझाच विश्वास बसेना.

"आये, पडलीस म्हंजे?"

"परली तर उठीन," आजी म्हणाल्या. "तुना घाई हाय तर जा. मी येते."

तो गेला नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिला, फोन वाजला की कट करायचा. चौथ्या खेपेला निऱ्या बसल्या. कापलेला पदर आजींनी फडकीसारखा, ओढणी घेतात तसा, खांद्यावरून घेतला. "माजी आयस असाच घ्यायची," एवढंच म्हणाल्या. कापलेली कड बाहेरच दिसत होती. ती आत दुमडावी असं मला फार वाटलं.

काठी टेकत त्या निघाल्या. मी मागून रिकामी व्हीलचेअर ढकलत होते. नीलिमा मॅडम फाटकाशी उभ्या होत्या, त्यांनी फाटक उघडून धरलं. गाडीपाशी पोचतो तर मागचा काष्टा सुटायला लागलेला मला दिसला. हात पुढे गेलाच. वीतभर अंतरावर मी तो थांबवला.

"आजी, मागे काष्टा सुटतोय. खोचू?"

"थांब."

त्यांनी काठी भगवंतदादाच्या हातात दिली. उजव्या हाताने गाडीचं दार धरलं आणि डावा हात पाठीमागे नेला. एकदा निसटलं, दोनदा निसटलं. भगवंतदादा उन्हात काठी धरून उभा होता. तिसऱ्यांदा अर्धा काष्टा बसला.

"वरचा टोक ऱ्हायला," त्या म्हणाल्या. "तेवरा तू खोच."

मी दोन बोटांनी तेवढं टोक खोचलं आणि हात काढून घेतला.